छताला एक भोक

परवानगीचं पत्र मी तीनदा लिहिलं.
मिस्टर ग्रीनवुड म्हणाले, एकच भोक,
आणि घर सोडताना लांबी भरून, रंग देऊन.
हॅलिफॅक्सच्या चढावरचं हे घर, धुराने काळवंडलेल्या दगडाचं,
इतकं अरुंद, की भांडण झालं
तर एकाला जिन्यात जाऊन बसावं लागतं.

डोरीन मंगळवारी येते. तिच्या पिशवीतून निघाला
गळ्यात घालून चावायचा रबरी मणी
(केतकीने आठवड्यात फस्त केला),
मग मांडीवर ठेवायची उशी, सव्वादोन किलोची,
झोपलेल्या मांजराएवढी जड,
फक्त मधेच उठून न जाणारी.
आणि एक हवेची चकती. तिच्यावर बसलं
की स्थिर बसताच येत नाही.
तेच तर हवंय, डोरीन म्हणाली,
शरीराला कळायला लागतं ना, आपण कुठे संपतो.
मी हे वहीत उतरवून घेतलं,
दात घासायच्या सूचनेखाली.

शनिवारी खुर्चीवर चढून छत ठोकलं,
कलिंगड ठोकतात तसं, कान देऊन.
बद्द. बद्द. बद्द.
ठक्क.
तुळई सापडली.
ड्रिल सुरू झालं तेव्हा केतकी खाली,
कानांवर लाल हेडफोन,
दोन्ही तळवे भिंतीला टेकवलेले, गालसुद्धा.
आवाज नको होता तिला,
थरथर हवी होती.

हुकाला निळा झोळा अडकवला, ताणकापडाचा.
आधी वजन टांगून बघा, डोरीनने बजावलेलं.
तांदळाची दोन पोती टांगली. टिकली.
तरी रात्री अडीचला झोप उडाली.
पोती पडतात, तांदूळ सांडतो, तो भरता येतो.
केतकी नऊ वर्षांची आहे.
म्हणून उतरलो, आणि स्वतःच आत शिरलो,
एक्काहत्तर किलो, मोज्यांसकट.

कापडाने मला आवळलं.
खांदे, कोपरं, पाठीचा कणा,
जिकडून मी सुटत होतो तिकडून
कुणीतरी दाबून धरलं.
आणि हललो.
उगीच, कशासाठीही नाही.

कराडला आमच्या शाळेत
गाढवे गुरुजी पट्टी घेऊन बाकांमधून फिरत.
पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते.
लक्ष्मी आमच्याकडे कधी नव्हतीच,
तरी पाय धरून बसायचो, दोन्ही हातांनी,
आणि मग हातांना काम हवं म्हणून
खिशात चिंचोका.
तोही काढून घेतला, फळ्याच्या कडेला ठेवला
सगळ्यांना दिसेल असा.
कॉलर चावायचो. आई कॉलर उसवून,
उलटवून पुन्हा शिवायची, बोलायची नाही.
दुपारी गाद्यांच्या चळतीत शिरायचो,
खालून दुसऱ्या आणि तिसऱ्या गादीच्या मधे.
तिथे कोण सापडायचं नाही मला,
पण मी सापडायचो.

डोरीनच्या फॉर्मवर एक रकाना होता,
कुटुंबात आणखी कुणी?
मी ‘नाही’ लिहिलं होतं.
पेन तिचंच होतं, खटका असलेलं.
सही होईपर्यंत मी तो खटका
किती वेळा वाजवला असेन?
ती काही म्हणाली नाही. पेन ठेवून गेली.

जिन्याची चौथी पायरी करकरली.
केतकी. अंधारात. तिच्या झोळ्यात बाप.
आमच्या घरी नियम मीच केलाय:
वाळूचं घड्याळ लावायचं, दोन मिनिटं,
मग दुसऱ्याची पाळी.
ती स्वयंपाकघरात गेली.
खिडकीतलं घड्याळ आणून
माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं,
नीट, फरशीच्या रेघेवर,
आणि मांडी घालून बसली.
ती बोलत नाही. मीही बोललो नाही.
वाळू पडत राहिली, पिवळी,
रस्त्यावरच्या दिव्यात.

दोन मिनिटं झाली.
मी पाय बाहेर काढला.
तिने तो परत आत ढकलला,
आणि घड्याळ उलटं केलं.